मनाची टोचणी : खरी कोणती, खोटी कोणती?



बचत गटाचा हप्ता चुकला की बायांसमोर मान वर होत नाही. तापानं अंग फणफणलेलं असतं, तरी जरा आडवं झालं की “एवढं काम पडलंय” म्हणून मन खातं. दोन्ही वेळेला आपण म्हणतो, “मला अपराधी वाटतंय.” पण या दोन गोष्टी एक नाहीत.

ही टोचणी येते कुठून? मूल दोन-तीन वर्षांचं झालं की दुसऱ्याला लागलेलं त्याला कळू लागतं. ताईचं खेळणं मोडलं, तर ते गप्प होतं, जोडायला बघतं. नातं तुटू नये म्हणून मनच हा इशारा देतं. म्हणजे टोचणी वाईट नाही. चूक निस्तरायला तीच आपल्याला उठवते.

लाज वेगळी. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ साली हा फरक मांडला. टोचणी म्हणते, “माझ्याकडून चूक झाली.” लाज म्हणते, “मीच वाईट.” टोचणी लागलेली ताई बैठकीत सांगते, “या महिन्यात जमलं नाही, पुढच्या वेळी भरते.” लाज वाटलेली ताई बैठकीलाच यायची बंद होते. मग थकबाकी वाढते आणि माणूसही तुटतं. म्हणून हप्ता चुकलेल्या ताईला चारचौघींत टाकून बोलू नका. आधी अडचण विचारा, मग मार्ग काढा.

आणि आजारपणातली टोचणी? तिथं चूकच नाही. बाईनं थांबायचं नाही, सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, हे लहानपणापासून कानावर पडतं. तो नियम मोडला की मन टोचतं.

टोचणी लागली की स्वतःला तीन प्रश्न विचारा :

१. माझ्यामुळे कुणाचं खरंच नुकसान झालं का?
२. ते टाळणं माझ्या हातात होतं का?
३. आता काय भरून काढता येईल?

पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर माफी मागा, भरपाई करा आणि विषय संपवा. ‘नाही’ असेल, तर ते ओझं तुमचं नाही.

दोन आठवडे झाले तरी मन उदास आहे, झोप-जेवण बिघडलंय, सगळा दोष आपलाच वाटतोय, तर तो आजार असू शकतो. आशाताईंना सांगा किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर फोन करा. जगणं नकोसं वाटत असेल, तर दोन आठवडे थांबू नका, लगेच बोला.

येत्या बैठकीत हे तीन प्रश्न वाचून दाखवा. न आलेल्या ताईच्या घरीही एक चक्कर मारा.