शुद्धिहरण आणि हृदयतालाचे रक्षण

इ. स. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखावरील किरकोळ शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म हुंगविताच दगावली. अशा मृत्यूंत प्रथम श्वसन थांबते की हृदय, हा वाद पुढे अनेक दशके चालला. निजामाच्या आश्रयाने १८८८ व १८८९ साली नेमलेल्या हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोगांनी श्वसनाच्या बाजूने कौल दिला. परंतु १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असताना शिरेवाटे ॲड्रेनॅलीन दिल्यास निलयांचे तंतुकंपन होऊन मृत्यू ओढवतो. अपुऱ्या गुंगीत भय व वेदना यांमुळे शरीर स्वतःच ॲड्रेनॅलीन स्रवते, हे ध्यानी घेतले म्हणजे किरकोळ शस्त्रक्रियाच घातक का ठरत, याचा उलगडा होतो.

क्लोरोफॉर्म, सायक्लोप्रोपेन आणि १९५६ साली वापरात आलेले हॅलोथेन ही द्रव्ये हृत्स्नायूला ॲड्रेनॅलीनविषयी अतिसंवेदनशील करतात. एरवी निरुपद्रवी असणारी मात्राही मग ताल बिघडविते.

संरक्षक औषधांचे मार्ग मुख्यतः दोन होत. प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे बीटा-ग्राहकांवर ॲड्रेनॅलीनचा प्रभाव पडू देत नाहीत; मात्र त्यांनी हृदयगती व रक्तदाब उतरतात आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकुंचित होऊ शकतात. लोफग्रेन यांनी १९४३ साली तयार केलेले लिग्नोकेन पेशींतील सोडियममार्ग रोधून निलयांची उत्तेज्यता कमी करते. दर किलोग्रॅम वजनास १ ते १.५ मिलिग्रॅम ही त्याची शिरेवाटे द्यावयाची नेहमीची प्रारंभिक मात्रा. अतिरेक झाल्यास झटके येतात.

तथापि अनियमित ठोके थांबविणे म्हणजे प्राण वाचविणे नव्हे. हृत्स्नायूच्या अभिकोथानंतरच्या रुग्णांत एन्केनाइड व फ्लेकेनाइड यांनी जादा ठोके दबले, पण मृत्यू वाढले, असे १९८९ साली एका मोठ्या अमेरिकी चाचणीत आढळले. म्हणून शस्त्रक्रियागृहात ताल बिघडताच आधी कारण शोधावे: प्राणवायूची उणीव, कार्बन डायऑक्साइडचा संचय, अपुरी गुंगी, पोटॅशियमची विषमता. सेव्होफ्लुरेनसारख्या द्रव्यांनी हा धोका बराच घटविला आहे. तो नाहीसा केलेला नाही. एकदा तंतुकंपन सुरू झाले, की हृदमर्दन व विद्युत्-आघात हाच मुख्य उपाय. औषध त्याला साहाय्यक होय.