कोळशाचे थर : बुडत राहिलेली दलदल
(लेखमाला : पायाखालचे दगड)

गेल्या आठवड्यात आपण तालचेर थरांपर्यंत आलो होतो. हिमनद्या वितळल्या आणि गोटे-चिखलाचा गाळ मागे टाकून गेल्या. त्याच गाळावर पुढे वर्धा खोऱ्यातला कोळसा साचला.

चंद्रपूर, घुग्घुस किंवा वणीकडच्या एखाद्या उघड्या खाणीची भिंत नीट पाहा. वर काळी माती, तिच्याखाली बऱ्याच ठिकाणी तांबूस-पिवळा कामठी वालुकाश्म, मग फिकट राखाडी बाराकार वालुकाश्म आणि शेवटी काळा पट्टा. खाणीतली माणसं त्याला ‘सीम’ म्हणतात. इथली मुख्य सीम काही ठिकाणी 15 मीटरांहून जाड आहे.

कोळसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक चित्र उभं राहतं: भूकंप झाला, उभं जंगल गाडलं गेलं, त्याचा कोळसा झाला. हे चित्र मनातून काढून टाकायला हवं, कारण त्यातून ही जाडी समजतच नाही. एक मीटर कोळशासाठी ढोबळमानाने दहा मीटर पीट, म्हणजे अर्धवट कुजलेला पालापाचोळा, लागतो असं धरू. 15 मीटरांच्या सीमला 150 मीटर लागेल. एवढ्या उंचीचा पाचोळा कोणतंही जंगल एकदम पुरवू शकत नाही. पीट वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर चढतं. म्हणजे दीड लाख वर्षांची बेगमी झाली!

मग इतका काळ दलदल टिकली कशी? जमीन खचत होती म्हणून. जुन्या कवचाला लांबच लांब भेगा पडल्या होत्या आणि त्यांच्यामधला पट्टा हळूहळू खाली जात होता. खचण्याचा वेग आणि पाचोळा साचण्याचा वेग जुळला, तेवढाच काळ सीम वाढली. जमीन जास्त वेगाने खचली तर पाणी चढायचं, नदी वाळू-चिखल आणून दलदल झाकून टाकायची. पुढे गाळ भरून पाणी उथळ झालं की पुन्हा झाडं. म्हणून कोळसा, शेल, वालुकाश्म, पुन्हा कोळसा असा क्रम दिसतो. आपले मोठे कोळसापट्टे दामोदर, सोन, महानदी, वर्धा-गोदावरी अशा नद्यांच्या खोऱ्यांत आहेत, तेही या जुन्या खचलेल्या पट्ट्यांमुळेच.

साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी, त्यामुळे पाचोळा पुरता कुजत नाही. वर गाळाचं ओझं वाढत गेलं की तो दाबला जातो, खोलवरच्या उष्णतेने त्यातलं पाणी आणि वायू निघून जातात, कार्बनचं प्रमाण वाढतं. पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट या त्याच्या पायऱ्या. वर्धा खोऱ्यातला कोळसा अँथ्रासाइटच्या बराच अलीकडे थांबला. पोलादासाठी लागणारा कोक त्याचा होत नाही. तो बॉयलरमध्ये जातो.

या कोळशाचा एक तुकडा हातात घ्या. आडव्या रेघा दिसतील. काचेसारखी चकचकीत रेघ म्हणजे लाकूड आणि साल. मंद, राखट रेघेत बारीक चुरा आणि चिखल असतो. आणि बोटांना काजळी लावणारी मऊ, रेशमासारखी एखादी रेघ सापडली, तर जरा थांबा. तो लाकडाचा खरा कोळसा आहे, वणव्यात जळलेला. पर्मियन काळात, 25 कोटी वर्षांहूनही आधी, त्या दलदलीला आग लागली होती, तिची काजळी आज आपल्या बोटाला लागते. मला तरी सबंध भूशास्त्रात याहून जवळची भेट दुसरी माहीत नाही.

मंद रेघांमधल्या चिखलाचं काय होतं, हे चंद्रपूरकरांना वेगळं सांगायला नको. नदीने दलदलीत आणलेली ही बारीक माती पाचोळ्यात इतकी मिसळून गेली आहे की कोळसा धुऊनही ती पुरती सुटत नाही. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण बऱ्याचदा 30 ते 45 टक्के असतं. औष्णिक केंद्राच्या राखेच्या तळ्यात साठतो तो मुख्यतः त्याच नद्यांचा गाळ.

सीमच्या लगतचा राखाडी शेल पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो आणि एखाद्या पापुद्र्यावर जिभेच्या आकाराचं पान उमटलेलं असतं. मधोमध शीर, दोन्हीकडे जाळी. हे ग्लोसोप्टेरिस. अशीच पानं 1912 साली दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉटच्या तुकडीने अंटार्क्टिकातून गोळा केली होती. पुढच्या आठवड्यात या पानाविषयी.