१५६६ किलोहर्ट्झ: नागपूरचा रात्रीचा महाकाय आवाज

हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्यासारख्या गावांत मिडियम वेव्हवर दिवसा आकाशवाणी परभणी (१३०५ किलोहर्ट्झ) ऐकू यायची. पण रात्री गंमत असायची ती नागपूरच्या १५६६ वर!

📻 १८ मे १९८८: आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा नागपूरच्या १५६६ वर सुरू. रात्रभर संगीत आणि हिंदी-इंग्रजी बातम्या.

📡 जागा नागपूरच का? देशाचा मध्य! ट्रान्समीटर १००० किलोवॉटचा, म्हणजे दहा लाख वॉट.

🌙 रात्रच का? दिवसा वातावरणातल्या आयनांबराचा खालचा थर मिडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो, मग लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात.

🔚 २०१८ च्या अखेरीस प्रसारभारतीने ही सेवा बंद करण्याचा निर्णय घेतला, कारण खर्चकपात.

तुम्ही १५६६ ऐकायचात का? कोणत्या गावातून?