लोकशाहीचे मूळ गाव

'डेमॉक्रसी' या शब्दाची फोड आपण सगळ्यांनीच शाळेत केलेली असते. 'डेमोस' म्हणजे लोक, 'क्रातोस' म्हणजे सत्ता. लोकांची सत्ता ती लोकशाही. वर्धा जिल्ह्यातल्या शाळांतून इतिहास शिकवताना ही फोड मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल, त्याचा हिशेब नाही. पण 'डेमोस' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे आणि तो पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. डेमोस म्हणजे गाव. शेतशिवार, गावदेव आणि एकमेकांना ओळखणारी घरे असलेले साधे गाव. ज्यांनी लोकशाही प्रथम चालवून पाहिली, त्यांच्या भाषेत 'लोक' आणि 'गाव' यांना एकच शब्द होता. ग्रामसभेच्या रिकाम्या सतरंज्या पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या गोष्टीपाशी थोडे थांबायला हवे.

प्राचीन ग्रीस हा एक देश नव्हताच. डोंगरांनी आणि समुद्राने तुकडे पाडलेल्या त्या मुलखात हजाराच्या आसपास छोटी राज्ये होती. एक शहर आणि भोवतालची शेती, एवढाच प्रत्येकाचा पसारा. म्हणून त्यांना नगरराज्ये म्हणतात. कुठे मूठभर श्रीमंत घराण्यांचे राज्य, कुठे एखादा हुकूमशहा, तर स्पार्टात एकाच वेळी दोन राजे. यातलेच एक अथेन्स. त्याच्या ताब्यातला अॅटिका हा प्रदेश सुमारे 2,500 चौरस किलोमीटरचा. आपला वर्धा जिल्हा 6,300 चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे ज्या राज्याचे नाव जगभर घेतले जाते, ते आपल्या जिल्ह्याच्या निम्म्यानेही नव्हते!

या अथेन्समध्ये इ.स.पूर्व 508 च्या सुमारास क्लेइस्थेनिस नावाच्या पुढाऱ्याने राज्याची घडी नव्याने बसवली. तोवर सत्ता मोठ्या घराण्यांच्या हातात होती. आपल्याकडे जिला भावकी म्हणतात, तिचेच राजकारण. क्लेइस्थेनिसने गाव हा राज्याचा पाया केला. अशी 139 गावे आणि वस्त्या होत्या. त्यांचे दहा गट पाडताना त्याने प्रत्येक गटात थोडी शहरातली, थोडी किनाऱ्यावरची आणि थोडी आतल्या भागातली गावे घातली. आष्टीकडची काही गावे, देवळीकडची काही आणि हिंगणघाटकडची काही एकत्र करून एक गट करावा, तसेच हे. एका पट्ट्यावर एकाच घराण्याची पकड राहू नये, हा त्यामागचा हेतू.

मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याचे नाव गावाच्या यादीत चढे आणि ते चढवायचे की नाही, हे गावची सभा ठरवी. माणसाची ओळखही गावावरून होई. पेरिक्लीस हा खोलार्गोस गावचा, सॉक्रेटिस अलोपेके गावचा. गावाच्या नावाला 'कर' जोडून आडनाव करणाऱ्या आपल्या मराठी माणसाला हे काही नवे वाटायचे नाही.

अथेन्सची मोठी सभा प्निक्स नावाच्या टेकडीवर उघड्यावर भरे. तिथे कोणताही नागरिक उठून बोलू शकत असे. युद्ध, तह, कर, धान्याचा पुरवठा, सारे निर्णय हात वर करून होत. काही महत्त्वाच्या ठरावांना किमान 6,000 नागरिकांची हजेरी लागे. आणि वाचकहो, गणपूर्तीची पंचाईत त्यांनाही होती! बाजारात गप्पा मारत रेंगाळणाऱ्यांना सभेकडे हाकण्यासाठी लाल रंगात भिजवलेला दोर धरून शिपाई फिरत, अशी थट्टा नाटककार अॅरिस्टोफेनिसने इ.स.पूर्व 425 मधल्या एका नाटकात केली आहे. ज्याच्या कपड्याला लाल डाग, तो कामचुकार. पुढे तर सभेला येणाऱ्याला रोख भत्ता सुरू करावा लागला. आधी एक ओबोल, मग दोन, मग तीन. रोजगार बुडवून गरिबाने सभेला यावे कसे, याचे ते उत्तर होते.

आपल्या कायद्यानुसार ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. माझ्या गावात तेवढीही जमत नाहीत. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन नसल्याने पुढच्या वेळी दहा-वीस माणसांत ठराव मंजूर होतात. एका 26 जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शेजारचा शेतकरी मला म्हणाला, "गुरुजी, सही झाली असन तं मी जातो. कापूस वेचाले बाया लावल्या हायेत." त्याला दोष कसा द्यावा? बोंड फुटल्यावर कापूस थांबत नाही. पण त्या दिवशी घरकुलांची यादी वाचली जाणार होती आणि त्यात त्याच्या थोरल्या भावाचे नाव नव्हते. हे त्याला पुढे महिन्याभराने कळले. दोराचा लाल डाग कपड्यावर पडत नाही, तो असा पडतो.

अथेन्सच्या लोकांचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे चिठ्ठी. सभेपुढे येणारे विषय 500 जणांचे मंडळ ठरवी. त्यात प्रत्येक गावाचे सभासद लोकसंख्येच्या प्रमाणात असत आणि ते चिठ्ठ्या टाकून निवडले जात. मुदत एक वर्षाची आणि आयुष्यात फार तर दोनदा. निवडणुकीत पैसेवाला आणि बोलघेवडा पुढे जातो, चिठ्ठीला मात्र सगळे सारखे, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडे सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढतात, ती याच विश्वासाने.

अशाच चिठ्ठीने इ.स.पूर्व 406 मध्ये सॉक्रेटिस त्या मंडळावर आला होता. समुद्रावरच्या लढाईत जिंकूनही वादळात सैनिकांना वाचवता आले नाही, म्हणून सेनापतींवर लोक खवळले होते. सगळ्यांना एकाच मतदानात दोषी ठरवावे, अशी मागणी झाली. ते कायद्याला धरून नव्हते. सॉक्रेटिसने संमती दिली नाही. पण लोकांनी ऐकले नाही आणि सहा सेनापतींना मृत्युदंड दिला. मागाहून पस्तावले. सात वर्षांनी, इ.स.पूर्व 399 मध्ये, सुमारे पाचशे नागरिकांच्या न्यायसभेने सॉक्रेटिसलाच दोषी ठरवले. तीस मते इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता.

या सॉक्रेटिसचा आपल्या वर्ध्याशी दुरून का होईना, संबंध आहे. 1908 साली दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी न्यायसभेपुढच्या त्याच्या भाषणाचा गुजराती सारांश 'इंडियन ओपिनियन'मध्ये क्रमशः छापला. 'एक सत्यवीरनी कथा' हे त्याचे नाव. 1910 मध्ये मुंबई सरकारने 'हिंद स्वराज'बरोबर या छोट्या पुस्तिकेवरही बंदी घातली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सच्या म्हाताऱ्याची इंग्रज सरकारला धास्ती वाटावी, यातच सगळे आले. बहुमत म्हणजे सत्य नव्हे, हा त्या कथेतला धडा घेतलेले गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. पुढे 1940 मध्ये त्याचे सेवाग्राम झाले.

गाव हा राज्याचा पाया, हा विचार मग वर्ध्यात आकाराला येऊ लागला. इथल्या सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी 1946 मध्ये स्वतंत्र भारतासाठी गांधीविचारांची एक राज्यघटनाच लिहून प्रसिद्ध केली. तिची प्रस्तावना गांधीजींची. ग्रामपंचायत हे मूळ एकक आणि तिच्यातून वर तालुका, जिल्हा, प्रांत, देश, अशी तिची मांडणी होती. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी 1959 मध्ये स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तिथे तर मतमोजणीच नाही. आश्रमातल्या भगिनी निर्णय घेतात तो सर्वसंमतीने. अथेन्समध्ये ज्यांना सभेची पायरी चढता येत नव्हती, त्या स्त्रियांनी इथे बहुमताच्याही पुढचा प्रयोग केला.

पण एवढ्यावर थांबलो तर चित्र एकांगी होईल. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाला पाया मानायला स्वच्छ नकार दिला. खेडे हे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर आहे. घटनेचे एकक गाव नसून व्यक्ती आहे, असे त्यांचे म्हणणे होते. गंमत अशी, की त्याच भाषणात त्यांनी ग्रीसचा बारा खंडांचा इतिहास लिहिणाऱ्या जॉर्ज ग्रोटचा आधार घेतला. राज्यघटनेच्या रीतीविषयी आदर, विरोधकालाही ती रीत पाळू देण्याची वृत्ती, म्हणजे घटनात्मक नीती. ती निसर्गतः येत नाही, मशागत करून रुजवावी लागते. ग्रोटने हे विवेचन केले होते ते क्लेइस्थेनिसच्या संदर्भातच. लोकशाही ही आपल्या जमिनीवर नुसती वरून टाकलेली आहे, असेही बाबासाहेब म्हणाले. आपल्या शेतकऱ्यांना समजेल असे सांगायचे तर ते वरखत आहे. मातीत मुरल्याशिवाय पीक धरायचे नाही.

अथेन्सचा दोष नेमका हाच होता. प्निक्सच्या टेकडीवर सगळे समान. पण टेकडीखाली गुलाम, परगावचे रहिवासी आणि सगळ्या स्त्रिया. आपल्या गावांतही विहीर आणि देऊळ सगळ्यांचे नव्हते. 1928 च्या जुलैत जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले केले, ती त्या काळी मोठीच बातमी ठरली, यावरून काय ते समजावे. ज्या गावात विहिरीवर सगळे नाहीत, त्या गावाच्या सभेत सगळे कुठून असणार?

सुदैवाने आपण दोन्ही म्हणणी थोडीथोडी ऐकली. घटनेत व्यक्तीला मत मिळाले आणि 40 व्या कलमाने ग्रामपंचायतीही आल्या. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. आमच्या गावच्या अशाच एका सभेत, टोकाच्या वस्तीतली एक मजूर बाई उठून म्हणाली, "नळाची पट्टी आमच्याकडून घेता, मंग पाणी कोणाच्या घरी जाते?" कोणी हसले, कोणी खाली पाहिले. पण प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेला, खाली तिचा अंगठा उमटला आणि उन्हाळ्याआधी त्या वस्तीवर नळाची लाइन गेली. ती सही-अंगठ्यांपुरती आली असती आणि निघून गेली असती, तर?

गाव चांगले की वाईट, हा वाद मला आता फारसा महत्त्वाचा वाटत नाही. सभेबाहेर कोणी ठेवलेला नसावा, हे बाबासाहेबांचे मागणे. आणि आत असलेल्याने येऊन बसावे, बोलावे, ऐकावे, हे अथेन्सचे आणि सेवाग्रामचे. यातले एक सुटले तरी दुसरे पोकळ होते.

इ.स.पूर्व 322 मध्ये मॅसिडोनियाच्या फौजेने अथेन्सची लोकशाही मोडली. प्निक्सच्या टेकडीवर वक्त्यासाठी कोरलेला दगडी चौथरा आजही आहे. तो पाहायला प्रवासी जातात. आपली सभा मात्र अजून वर्षातून किमान चार वेळा भरायची असते. तिची नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागते, विषयांची यादी तिच्याखाली असते. ती वाचायला दोन मिनिटे लागतात आणि सभेला जायला सकाळचे दोन तास.