पिवळ्या जर्सीविना गाजलेली कारकीर्द

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खेळाच्या पानावर पहिल्या आलेल्याला मथळा मिळतो आणि दुसऱ्याला मजकुरातली एक ओळ. हा शिरस्ता मोडणारा एक सायकलपटू फ्रान्समध्ये होऊन गेला. त्याचं नाव रेमाँ पुलिदोर. 'तूर द फ्रान्स' या जगप्रसिद्ध शर्यतीत तो चौदा वेळा उतरला. तीनदा दुसरा आला, पाचदा तिसरा आला, पहिला मात्र कधीच आला नाही. तरीही फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतल्या माणसांनी त्याच्यावर जेवढं प्रेम केलं, तेवढं ही शर्यत पाच वेळा जिंकणाऱ्या जाक आंकतीलवरही केलं नाही. असं का झालं असावं, हे मला आज सांगायचं आहे. त्यासाठी ही शर्यत चालते कशी, ते आधी थोडक्यात पाहू.

'तूर द फ्रान्स' सुमारे तीन आठवडे चालते. रोज एक टप्पा असतो. प्रत्येक टप्प्याला लागलेल्या वेळेची बेरीज होत जाते आणि शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. रोजच्या हिशेबात जो आघाडीवर असेल, त्याला पिवळी जर्सी मिळते. ही प्रथा १९१९ साली सुरू झाली. शर्यत भरवणारं वृत्तपत्र पिवळ्या कागदावर छापलं जाई, म्हणून जर्सीचा रंग पिवळा.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची खरी झुंज वाऱ्याशी असते. पुढच्याच्या आडोशानं जाणाऱ्याची बरीच ताकद वाचते. म्हणून सगळे घोळक्यानं जातात आणि तिथं कुणाला फारशी आघाडी घेता येत नाही. फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक घाटात आणि दुसरा 'टाइम ट्रायल'मध्ये, म्हणजे प्रत्येकानं एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध सायकल मारायच्या टप्प्यात. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीतही बोरघाटाला जे महत्त्व आहे, तेच तिथं आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांतल्या घाटांना. आंकतील घड्याळाचा बादशहा होता, पुलिदोर घाटातला गडी.

पुलिदोरचा जन्म १९३६ सालचा, मध्य फ्रान्समधल्या एका खेड्यातला. आईवडील दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसत. शिकायची इच्छा असूनही चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो शेतावर राबू लागला. पुढं सक्तीची लष्करी सेवा झाली. व्यावसायिक सायकलपटू म्हणून त्यानं १९६० साली सुरुवात केली, तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. 'मर्सिए' या संघात तो दाखल झाला आणि १९७७ साली निवृत्त होईपर्यंत त्याच संघात राहिला. १९६१ साली त्यानं 'मिलान-सान रेमो' ही इटलीतली मानाची शर्यत जिंकली. १९६४ साली स्पेनची राष्ट्रीय फेरी 'व्हुएल्ता' जिंकली. तेव्हा त्याला जिंकताच येत नव्हतं, ही समजूत चुकीची आहे.

त्याच १९६४ सालची 'तूर' त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली. मोनॅकोतल्या टप्प्याचा शेवट धावपट्टीवर होता. शेवटची रेषा आली असं समजून पुलिदोरनं एक फेरी आधीच जोर लावला. खरी फेरी बाकी होती. ती आंकतीलनं जिंकली आणि विजेत्याला मिळणारी एक मिनिटाची सूट त्याच्या खात्यात पडली. पुढं तुलूझच्या टप्प्यात पुलिदोरचं चाक बदलावं लागलं. मेकॅनिकनं घाईनं मागून ढकललं आणि पुलिदोर सायकलसकट रस्त्यावर पडला. दोन मिनिटांहून अधिक वेळ तिथं गेला. दुसऱ्याच दिवशी लुशाँचा टप्पा जिंकून त्यानं बराचसा वेळ भरून काढला.

मग १२ जुलैला 'पुई द डोम' आला. हा १४६५ मीटर उंचीचा विझलेला ज्वालामुखी आहे. शेवटचा चढ अंगावर येणारा, दुतर्फा लाखोंची गर्दी. आंकतीलकडं ५६ सेकंदांची आघाडी होती. चढावर तो थकला होता, पण ते पुलिदोरला कळू नये म्हणून मागं न राहता तो त्याच्या अगदी शेजारून चालला. दोघांचे खांदे एकमेकांना घासत होते. त्या क्षणाची छायाचित्रं आजही छापली जातात. शेवटच्या टापूत आंकतील मागं पडला. पुलिदोरनं त्याच्यावर ४२ सेकंद मिळवले. ५६ मधून ४२ गेले, १४ उरले. पिवळी जर्सी आंकतीलकडंच राहिली. पॅरिसला संपणारा अखेरचा टप्पा टाइम ट्रायलचा होता. तो आंकतीलचा प्रांत. अखेर पुलिदोर ५५ सेकंदांनी हरला. मोनॅकोतल्या सुटीचा एक मिनिट आठवला, की हा हिशेब मनाला लागतो.

पण सगळा दोष नशिबावर टाकणं मला पटत नाही. धावपट्टीवर किती फेऱ्या आहेत, हे ठाऊक असणं हासुद्धा खेळाचाच भाग आहे. पुई द डोमवर पुलिदोरनं आणखी आधी हल्ला चढवला असता तर, हा प्रश्न फ्रान्समध्ये वर्षानुवर्षं चघळला गेला. आंकतील हिशेबी होता. हरायला वाव आहे तिथं किती हरायचं, हे तो जाणून होता. पुलिदोरकडं ताकद होती, पण तो आडाखा नव्हता.

त्यानंतरही पिवळ्या जर्सीनं हुलकावणीच दिली. १९६५ साली आंकतील नव्हता, तर फेलिचे जिमोंदी हा नवखा इटालियन जिंकला. १९६७ साली स्वतःची संधी गेल्यावर पुलिदोर सहकारी रोजे पँजाँसाठी राबला आणि पँजाँ विजेता ठरला. १९६८ साली शर्यतीतल्याच एका मोटारसायकलनं त्याला पाडलं. १९७३ साली पहिल्याच दिवशीच्या छोट्या टाइम ट्रायलमध्ये एका सेकंदाहूनही कमी फरकानं जर्सी हुकली. दरम्यान एडी मर्क्स हा बेल्जियन वाघ आला होता. त्याच्यापुढं १९७४ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पुलिदोर दुसरा आला. १९७६ साली चाळिशीत तो तिसरा आला. एक दिवससुद्धा ती जर्सी त्याच्या अंगावर चढली नाही.

आता लोकप्रियतेचं कोडं. त्या काळी 'तूर' संपली, की गावोगावी छोट्या शर्यती भरत आणि नामांकित खेळाडूंना हजेरीचं मानधन मिळे. गर्दी खेचणाऱ्याला मागणी अधिक. आपलं नशीब जितकं वाईट, तितके लोक माया करतात आणि तितकी कमाई होते, असं पुलिदोर स्वतःच मोकळेपणानं सांगे. त्यामुळं त्याला केविलवाणा समजण्याचं कारण नाही. आंकतील रुबाबदार आणि थंड डोक्याचा. पुलिदोरमध्ये मात्र शेतकऱ्याला स्वतःचं रूप दिसे. घाम गाळायचा, पीक हातचं जायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेरणी करायची. फ्रेंच भाषेत कायम दुसऱ्या येणाऱ्याला आजही 'पुलिदोर' म्हणतात. त्यात थट्टा आहे तशी मायाही आहे.

पुढं आंकतीलशी त्याची मैत्री जुळली. १९८७ साली आंकतील कर्करोगानं गेला. मृत्यूच्या दारातही त्यानं पुलिदोरला विनोदानं सुनावलं, की इथंही तू माझ्यामागून दुसराच येणार. ही आठवण पुलिदोरच सांगत असे. उतारवयात, जर्सीची प्रायोजक असलेल्या बँकेचा पाहुणा म्हणून तो दर वर्षी 'तूर'मध्ये दिसे, तोही पिवळा शर्ट घालून! १३ नोव्हेंबर २०१९ रोजी, त्र्याऐंशीव्या वर्षी त्याचं निधन झालं.

त्याच्या मुलीचा मुलगा मात्यू वान डेर पूल हा नेदरलँड्सचा सायकलपटू. २०२१ साली तो प्रथमच 'तूर'मध्ये उतरला. पहिल्या दिवशी त्याच्या संघानं आजोबांच्या 'मर्सिए' संघाच्या जांभळ्या-पिवळ्या रंगांची जर्सी घातली. दुसऱ्या दिवशी, २७ जूनला, तो टप्पा जिंकून त्यानं पिवळी जर्सी मिळवली. रेषा ओलांडताना त्यानं बोट आकाशाकडं केलं आणि नंतर त्याला रडू आवरलं नाही.

आपल्याकडं खेळणाऱ्या मुलांना घरी परतताच पहिला प्रश्न येतो, "कितवा आलास?" प्रश्न चुकीचा नाही, क्रमांकाला किंमत असतेच. पुलिदोरलाही ती जर्सी हवीच होती. पण अठरा वर्षं हा माणूस ज्या चिकाटीनं सायकलवर बसत राहिला, ती मोजायला पिवळ्या जर्सीचं माप अपुरं आहे. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर आपण दुसराही विचारावा, "उद्या पुन्हा जाणार ना?"