साइटची किल्ली बदलताना: डेटाबेसचा पासवर्ड, नवा सर्व्हर आणि आपली मराठी अक्षरं



जपानमध्ये भाड्याच्या सर्व्हरवर ज्यांनी मंडळाची, मराठी शाळेची किंवा स्वतःच्या छोट्या धंद्याची साइट ठेवली आहे, त्यांना अधूनमधून सर्व्हर कंपनीची एक लांबलचक मेल येते. आधी अति-आदरार्थी जपानीत आभार आणि दिलगिरी, आणि पार खाली मुद्दा: पीएचपीची अमुक आवृत्ती आणि डेटाबेसची तमुक आवृत्ती या तारखेपासून बंद, त्याआधी आपापली साइट नव्यावर न्यावी. ही मेल पुष्कळदा वाचलीच जात नाही. कारण ती ज्यांच्या पत्त्यावर जाते ते त्या वेळचे सेक्रेटरी बदली होऊन केव्हाच पुण्याला पोचलेले असतात. मग एका सकाळी साइट कोरी दिसते, आणि तीही नेमकी गणपतीच्या नोंदणीच्या आठवड्यात! म्हणून हा लेख. आयटीवाल्यांना यातलं बरंचसं ठाऊक असेल. मी तो कमिटीतल्या बाकीच्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

हा पासवर्ड नक्की कोणाचा?

डेटाबेस म्हणजे साइटचं कोठीघर. लेख, दिवाळी अंक, सभासदांचे पत्ते, सगळं तिथे. पीएचपी आणि त्यावर चालणारं वर्डप्रेस किंवा द्रुपल म्हणजे स्वयंपाकी. वाचकाने पान मागितलं की तो कोठीतून सामान काढून ताट वाढतो. कोठीला कुलूप आहे आणि किल्ली स्वयंपाक्याच्या खिशात, म्हणजे साइटच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेली. लेख चढवताना आपण जो पासवर्ड टाइप करतो तो हा नव्हे. हा माणूस कधी टाइपच करत नाही, म्हणून तो कोणाला आठवतही नाही.

थोडक्यात हा पासवर्ड दोन ठिकाणी असतो, डेटाबेसकडे आणि कॉन्फिग फाइलमध्ये. एकीकडे बदलला आणि दुसरीकडे राहिला, की साइट ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असं म्हणून बसते. घाबरू नका, माल कोठीत शाबूत असतो.

ही किल्ली दुसऱ्याच्या हाती लागली तर काय होतं हे जपानने ऑगस्ट २०१३ मध्ये पाहिलं. ‘लॉलिपॉप’ ही इथली स्वस्त आणि लोकप्रिय सर्व्हर सेवा. तिच्यावरच्या ८,४३८ वर्डप्रेस साइट्समध्ये परस्पर बदल केले गेले. हल्लेखोर काही मोजक्या साइट्सच्या जुन्या, दुरुस्त न केलेल्या प्लगइन आणि थीममधून आत शिरले. तिथून त्याच सर्व्हरवरच्या शेजाऱ्यांच्या कॉन्फिग फाइल्स वाचता आल्या, त्यातून डेटाबेसचे पासवर्ड मिळाले आणि मग थेट कोठीत हात. म्हणजे ज्यांनी आपलं घर नीट ठेवलं होतं तेही शेजाऱ्यामुळे सापडले. उपाय म्हणून कंपनीने कॉन्फिग फाइल मालकाशिवाय कोणाला वाचता येणार नाही अशी केली, सर्व्हरची सेटिंग बदलली, आणि डेटाबेसचे पासवर्ड बदलून नवे पासवर्ड त्या फाइल्समध्ये लिहिले. दोन्ही ठिकाणी, अर्थात.

पासवर्ड कधी आणि कसा बदलावा?

दर तीन महिन्यांनी बदला, असं पूर्वी सांगत. आता तसं नाही. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ मध्ये आणि जपानच्या अंतर्गत व्यवहार व दळणवळण मंत्रालयाने २०१८ मध्ये ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याचा आग्रह सोडला. कारण असेल तेव्हा बदला. आपल्यासारख्या मंडळांत एक कारण दरवर्षी असतं: कमिटी बदलते. जुन्या मंडळींवर अविश्वास म्हणून नव्हे, तर त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर ती फाइल कुठेतरी पडलेली असते म्हणून.

आधी कंट्रोल पॅनलमध्ये त्या डेटाबेसवर आणखी कोण कोण अवलंबून आहे ते बघा. नोंदणीचा फॉर्म, रोज रात्री बॅकअप घेणारा छोटा प्रोग्रॅम, कोणीतरी हौसेने केलेलं मराठी शाळेचं हजेरीपुस्तक... प्रत्येकात तोच पासवर्ड लिहिलेला असतो आणि प्रत्येक ठिकाणी बदलावा लागतो. नवा पासवर्ड लांबलचक, अर्थहीन, पण निव्वळ इंग्रजी अक्षरं आणि अंकांचा घ्यावा. त्यात अवतरणचिन्ह आलं तर कॉन्फिग फाइलच मोडते. आणि जुन्या फाइलची प्रत शेवटी ‘ओल्ड’ वगैरे जोडून सर्व्हरवरच ठेवू नका. नावाच्या शेवटी पीएचपी असेल तर सर्व्हर ती फाइल चालवतो; नसेल तर बहुधा मजकूर म्हणून जशीच्या तशी दाखवतो, पासवर्डसकट. अशा फाइल्स शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात.

पासवर्ड बरोबर, तरी दार उघडत नाही

हा अनुभव पुष्कळांना आवृत्ती बदलल्यावर येतो. मायएसक्यूएल हा डेटाबेस पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा एक ठसा ठेवतो. ठसा घेण्याची पद्धत २००४ च्या सुमारास ४.१ आवृत्तीत बदलली आणि २०१८ मध्ये ८.० आवृत्तीत ठरलेली पद्धत पुन्हा बदलली. त्या नव्या पद्धतीने बोलणं पीएचपीला ७.४ पासून जमतं. २०२४ च्या ९.० आवृत्तीतून तर मधली पद्धत काढूनच टाकली आहे. त्यामुळे जुनी पीएचपी आणि नवा डेटाबेस अशी जोडी जमवली की पासवर्ड अक्षरशः बरोबर असूनही नकार मिळतो.

शिवाय २००० च्या दशकात कोणा हौशी सभासदाने हाताने लिहिलेली साइट असेल तर ती ज्या जुन्या पद्धतीने डेटाबेसशी बोलते ती पीएचपी ७ मधून, म्हणजे डिसेंबर २०१५ पासून, गेलेली आहे. ती पानं पुन्हा लिहावी लागतात, दुसरा इलाज नाही. ‘मग जुन्यावरच राहू द्या की’ असं कमिटीत कोणीतरी म्हणतंच. पण पीएचपी ७.४ च्या दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्ये संपल्या, मायएसक्यूएल ५.७ च्या ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्यानंतर सापडलेली भोकं त्यांच्या मूळ कर्त्यांकडून बुजवली जात नाहीत.

येनची चिन्हं

आता खास आपला, देवनागरीचा प्रश्न. बिघडलेल्या अक्षरांना जपानीत ‘मोजिबाके’ म्हणतात. मोजि म्हणजे अक्षर, आणि बाके म्हणजे रूप पालटणं. भुताला ‘ओबाके’ म्हणतात ते त्याच धातूवरून. अक्षरांना झपाटलंय म्हणा ना!

युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची असते. जुना मायएसक्यूएल मात्र मुळात युरोपी अक्षरांच्या लॅटिन-१ संचावर बेतलेला, ८.० येईपर्यंत काही न सांगता बनवलेला तक्ता त्याच संचाचा होई. आपली जुनी साइट त्यात मराठी बाइट टाकायची, तो ते युरोपी अक्षरं समजून ठेवायचा आणि मागितल्यावर तसेच परत द्यायचा. दोघांचा गैरसमज सारखाच, त्यामुळे पंधरा वर्षं पान सुरेख दिसतं. नव्या सर्व्हरवर साइट म्हणते, ‘मला यूटीएफ-८ दे’, आणि डेटाबेस इमानदारीने प्रत्येक ‘युरोपी’ अक्षराचं रूपांतर करून देतो. झालं मोजिबाके.

गंमत म्हणजे काना आणि पहिली वेलांटी सोडली, तर दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडायची खूण या सगळ्यांतून एक येनचं चिन्ह बाहेर पडतं. ‘कोबे’ या एवढ्याशा नावात चार खुणा, बारा बाइट. बिघडलं की त्यात बरोबर दोन येन दिसतात.

पण हे येन दिसले तर सुटकेचा नि:श्वास टाका. बाइट शाबूत आहेत, जाणकार ते परत फिरवू शकतो. फक्त तोवर त्या पानांवर काही दुरुस्त करून ‘सेव्ह’ करू नका, नाहीतर अर्धा मजकूर बिघडलेला आणि अर्धा सुधारलेला असा काला होतो. याउलट डेटाबेसमध्येच नुसती प्रश्नचिन्हांची रांग साठवली गेली असेल, तर अक्षरं गेली. तिथे बॅकअपच हवा.

नवा डेटाबेस बनवताना यूटीएफ-८-एमबी-४ हा संच निवडा. मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ-८ तीन बाइटपर्यंतच जातं. मराठीला ते पुरतं, पण इमोजीला नाही आणि काही विरळ कांजींनाही नाही. ‘योशि’ या अक्षराचं एक रूप काही जपानी आडनावांत येतं, ते चार बाइटचं आहे. जपानी सूनबाईंचं किंवा जावयांचं नाव सभासद-यादीत अर्ध्यावर तुटलेलं दिसलं तर कारण हे असू शकतं.

बॅकअप कुठला?

‘कंपनी बॅकअप घेते’ यावर विसंबू नका. २० जून २०१२ ला आपल्या शेजारच्या ओसाकातल्या फर्स्टसर्व्हर या कंपनीने सर्व्हरमधली सुरक्षेची त्रुटी बुजवण्यासाठी एक प्रोग्रॅम चालवला. त्यात फाइल पुसण्याच्या आज्ञा चुकून राहिल्या होत्या, आणि तो बॅकअपच्या प्रतींवरही चालला. ५,६९८ ग्राहकांचा डेटा गेला. हेतू चांगला, काम नियमित, तरी एका संध्याकाळी सगळं साफ. बॅकअप त्या कंपनीच्या बाहेर हवा: एक प्रत कमिटीतल्या कोणाच्या घरी, जमल्यास एक भारतात. फाइल्स वेगळ्या आणि डेटाबेस वेगळा. नुसत्या फाइल्स उतरवल्या तर लेख येत नाहीत.

प्रत्यक्ष बदल असा करावा असं माझं मत आहे. भाड्याच्या सर्व्हरवर बहुतेक वेळा जुना डेटाबेस जागच्या जागी नवा होत नाही. नव्या आवृत्तीचा वेगळा डेटाबेस उघडायचा आणि त्यात माल भरायचा. म्हणजे पासवर्डही आपोआप नवा होतो, एका दगडात दोन पक्षी. आधी वर्डप्रेस, प्लगइन, थीम नव्या करा, मग एका वेगळ्या पत्त्यावर साइटची नक्कल उभी करून तिथे नवी पीएचपी आणि नवा डेटाबेस लावून बघा. नक्कल पासवर्डच्या आड ठेवा, तिच्यात सभासदांचे खरे पत्ते असतात. गणपती, दिवाळीच्या तोंडावर हे काम काढू नका. मे महिन्यातली गोल्डन वीकची सुट्टी बरी. आणि सर्व्हर कंपनीकडचा मेलचा पत्ता व्यक्तीचा न ठेवता कमिटीचा करून घ्या, दोघातिघांना पोचणारा.

बदल झाल्यावर पहिलं पान बघून समाधान मानू नका. सर्वांत जुना दिवाळी अंक उघडा, जोडाक्षरं नीट आहेत का बघा, शोधमध्ये एक मराठी शब्द टाका, नोंदणीचा फॉर्म एकदा खोटं नाव घालून भरा. जुना डेटाबेस महिनाभर तसाच राहू द्या. कंपनीने बंद करायची तारीख त्याआधीची दिली असेल तर त्याची शेवटची प्रत उतरवून घ्या, आणि मगच तो पुसा.