काहीच न आपटता वाजणारं इंजिन

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक गाडी येते. लोक तिचं रूप डोळ्यांत साठवतात. मला तिचा आवाज ऐकायचा असतो, पण हलगी-घुमक्याच्या कल्लोळात तो दरवर्षी हुकतो. १९२९ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या ‘ग्राफ झेपेलिन’ या हवाई जहाजाला याच कंपनीची पाच इंजिनं होती, म्हणून कुतूहल जास्तच.

जुनी गाडी बाळगणाऱ्याचे कान मात्र वर्षभर उभे असतात. बॉनेटखालून ‘टक् टक्’ आली की त्याचं बोलण्यातलं लक्ष उडतं. गंमत अशी, की या एका ‘टकटकी’मागे चार-पाच वेगळे आरोपी असतात आणि त्यातला सगळ्यात घातकी आरोपी कशालाही हात लावत नाही. दोन वस्तू एकमेकींवर आपटतच नाहीत, तरी हातोडी मारल्यासारखा आवाज होतो.

आधी खरोखर आपटणारे बघू. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर हा ऑइल इंजिनांवर वाढलेला भाग. इथल्या मेस्त्री लोकांचे कान इंजिनावरच तयार झालेले. त्यांची जुनी तपासणी सोपी दिसते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या ब्लॉकवर टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. लोखंडातून, मग हाडातून आवाज थेट आत पोचतो. १८१६ साली पॅरिसमध्ये डॉक्टर लेनेक यांनी कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, त्यातून स्टेथोस्कोप आला. उद्यमनगरातला स्टेथोस्कोप पेच पिळायच्याही कामाला येतो.

बारीक, कोरडी, शिलाई मशीनसारखी टिकटिक वरच्या झाकणाखालून आली, तर ती टॅपेटची. टॅपेटला हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे टिकटिकीचा ठेका इंजिनाच्या निम्म्या लयीत पडतो. लयीचा कान असलेला माणूस तेवढ्यावरून ओळखतो. थंडीच्या सकाळी गाडी चालू केल्याबरोबर खळखळ आणि गरम झाल्यावर गुपचूप, तर पिस्टन सैल झालाय. अ‍ॅल्युमिनियम तापून फुगतं आणि फट बुजते. याच्या नेमकं उलट वागतं ते कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. गार इंजिनात जाड ऑइल त्याची लाज राखतं, तापल्यावर ऑइल पातळ झालं की खालून जड, खोल ‘ठक् ठक्’ सुरू. तिथली योग्य फट जेमतेम केसाच्या जाडीची, बहुधा त्याहूनही कमी. पिस्टन मात्र मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतो. फट थोडी वाढली तरी प्रत्येक वळणावर रॉडला धाव घ्यायला जागा मिळते.

कुठल्या सिलिंडरचा रॉड? एकेका प्लगची वायर काढून बघायची. ज्या सिलिंडरची ठिणगी बंद केल्यावर ठकठक मवाळ होते, तिथला. मला ही युक्ती फार आवडते. संशयिताला न उघडता नुसतं गप्प बसवून ओळखायचं. तरी एक सावधगिरी: जुन्या गाडीतल्या पेट्रोल पंपाचा दांडा झिजला तर तोही बेअरिंगसारखाच ठोके देतो. नीट न ऐकता इंजिन उतरवलं की हजारोंचं काम गळ्यात पडतं.

आता तो न आपटणारा. कोकणातून परत येताना चार माणसं, मागे आंब्याच्या पेट्या, करूळ घाटाचा चढ, आणि ड्रायव्हर आळसानं गिअर उतरवत नाही. अशा वेळी मूठभर छर्रे काचेच्या बरणीत हलवावेत तसा किणकिणाट होतो. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की थांबतो. यालाच नॉकिंग म्हणतात.

प्लगनं ठिणगी टाकल्यावर पेट्रोल-हवेचं मिश्रण एका दमात उडत नाही. उसाच्या फडाला एका कडेनं लावलेली आग पुढे सरकावी तशी ज्योत सिलिंडरभर सरकते. तिच्यापुढचं, कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबलं आणि तापवलं जातं. ज्योत वेळेत पोचली तर ठीक. नाही पोचली, तर ते मिश्रण स्वतःच, सगळं एकदम पेटतं. त्या धक्क्यानं आतला वायू एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे हिंदकळू लागतो. काठीच्या फटक्यानं हलगीचं कातडं थरथरतं, तसा इथे वायूच थरथरतो आणि सिलिंडर वाजतो. हलगीचा आकार तिचा सूर ठरवतो, इथे सिलिंडरचा व्यास ठरवतो. जुन्या ‘प्रीमियर पद्मिनी’च्या ६८ मिलिमीटर व्यासाचं गणित मांडलं, तर कंपनं येतात सेकंदाला सुमारे ८०००, पियानोच्या सगळ्यात उंच स्वराच्या जवळजवळ दुप्पट. हे वाजणं नुसतं कानाला बोचत नाही. पिस्टनच्या माथ्यावर वायूचा एक स्थिर पातळ थर असतो, गोधडीसारखा. हिंदकळणारा वायू ती गोधडी ओढून काढतो आणि ज्वाळेची उष्णता थेट धातूला भिडते. माथ्यावर खड्डे पडतात, कधी भोकही.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंग आणि थॉमस मिजली या आवाजामागे लागले. डिसेंबर १९२१ मध्ये मिजलीला शिशाचं एक संयुग सापडलं. चिमूटभर घातलं की आवाज बंद, पण ते विष जगानं अनेक दशकं श्वासातून घेतलं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली थांबलं. दुसरा उपाय तेव्हाही माहीत होता: अल्कोहोल. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी ते इंजिनात जाळून पाहिलं होतं. इथेनॉल बाष्प होताना मिश्रणाला गार करतं आणि दाबाखालीही सहजासहजी आपोआप पेटत नाही.

आणि इथेनॉल कोल्हापूरकरांना कुणी समजावून सांगायला नको. ज्या उसाची मळी कारखान्यांच्या मागे साठते, तिच्यातून निघणारं हे द्रव्य आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळतात. आपल्या शिवारातलंच पीक सिलिंडरच्या कोपऱ्यात उभं राहून त्या मिश्रणाला सबुरी शिकवतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि वॉशर मात्र त्याला सरावलेले नसतात. ते फुगतात, चिरतात. म्हणून पाइप बदलून घेतलेले बरे, आवाज गेला म्हणून खुशीत राहू नये.

एवढं करूनही घाटात किणकिणाट राहिला, तर सिलिंडरमध्ये साठलेला कार्बन खरवडायचा. नाहीतर डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून ठिणगी थोडी उशिरा पाडायची, बोल्ट आवळायचा आणि चार माणसं कोंबून पुन्हा गगनबावडा गाठायचा. मोकळ्या गाडीत, सपाट रस्त्यावर हा आवाज साक्षीला येत नाही.